जुन्या पोकलेनवरील इलेक्ट्रिकल कोडचा माग कसा काढावा

सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या भागांतील कितीतरी पोकलेन पावसाळ्यामागून पावसाळा उघड्यावर उभ्या राहिल्या. अशी यंत्रे विकायला निघतात तेव्हा मीटरवरचे कमी तास पाहून घेणारा खूश होतो. परंतु मीटर चाललेले तास मोजतो, उभे राहिलेले दिवस मोजत नाही. उभ्या यंत्राच्या इंजिनापेक्षा त्याचे वायरिंग आधी खराब होते, आणि मॉनिटरवर उमटणाऱ्या इलेक्ट्रिकल कोडचे, म्हणजे बिघाड सांगणाऱ्या आकड्यांचे, मूळ बहुतेक वेळा तेथेच सापडते.

कोड सर्किट दाखवतो, बिघडलेला सुटा भाग दाखवत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. बऱ्याच यंत्रांत कोडचे दोन भाग असतात. एसपीएन हा आकडा कोणते मोजमाप बिघडले ते सांगतो. उदाहरणार्थ, १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब आणि ११० म्हणजे कूलंटचे तापमान. एफएमआय हा आकडा बिघाडाचा प्रकार सांगतो: ३ म्हणजे व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेले, आणि ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, टेकलेली. काही कंपन्या स्वतःची वेगळी पद्धत वापरतात. तेथे त्या मॉडेलचे शॉप मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा हाताशी असल्याखेरीज कामाला सुरुवात करू नये.

कशालाही हात लावण्यापूर्वी सर्व कोडचे फोटो काढावेत. सध्या चालू असलेले कोड आणि मेमरीत साठलेले कोड वेगवेगळे लिहून घ्यावेत. यंत्र दाखवत असेल तर प्रत्येक कोड किती वेळा आला आणि कितव्या तासाला आला तेही नोंदवावे. विकत घेताना तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण आठ हजार तास चाललेल्या यंत्राची मेमरी पूर्ण कोरी असेल, तर कोणीतरी ती नुकतीच पुसली आहे किंवा कंट्रोलर (सेन्सर वाचून कोड नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) बदलला आहे, असे मी समजतो आणि विकणाऱ्याला तसे स्पष्ट विचारतो.

त्यानंतर बकेट जमिनीवर टेकवून, सेफ्टी लिव्हर लॉक करून बॅटरीपासून सुरुवात करावी. चोवीस व्होल्टच्या यंत्रात भरलेल्या बॅटऱ्यांवर स्थिर अवस्थेत २५ व्होल्टांच्या थोडे वर, आणि इंजिन चालू असताना साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. स्टार्टर फिरताना व्होल्टेज १९ च्या खाली घसरत असेल, तर कंट्रोलर क्षणभर बंद पडून निष्कारण कोड नोंदवू शकतो. त्याच वेळी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावून पाहावी; तेथे अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थची केबल सोडवून, गंज खरवडून पुन्हा घट्ट बसवावी.

आता सेन्सरकडे वळावे. कूलंटच्या तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरवर एफएमआय ४ येत असेल, तर त्याचा कनेक्टर काढून किल्ली चालू करावी. कोड ४ वरून ३ वर गेला, तर वायरिंग आणि कंट्रोलर ठीक असून दोष सेन्सरमध्ये आहे. कोड ४ वरच राहिला, तर वायर कोठेतरी अर्थला टेकली आहे. एफएमआय ३ असेल तर उलट करावे: वायरिंगच्या बाजूच्या कनेक्टरमधील दोन्ही पिना छोट्या वायरीने जोडाव्यात, आणि कोड ४ झाला तर सेन्सर बदलावा. तीन वायरींच्या दाबाच्या सेन्सरला ही जोडणी करू नये. तेथे कनेक्टर काढून सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये ५ व्होल्ट येतात का ते पाहावे. एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड आले असतील, तर त्यांचा सामाईक ५ व्होल्टचा सप्लाय एकाच सेन्सरने खाली ओढलेला असू शकतो; एकेक कनेक्टर काढत गेल्यास व्होल्टेज जेथे परत येते तेथे दोषी सापडतो.

मोजताना मल्टिमीटरची जाड पिन कनेक्टरच्या भोकात कधीही कोंबू नये. आतला पत्रा पसरतो आणि आपण स्वतःच नवा बिघाड निर्माण करतो.

आपल्याकडच्या दमट हवेत सर्वांत फसवा दोष म्हणजे आवरणाच्या आत हिरवी पडलेली तांब्याची वायर. एकच तार शिल्लक राहिली तरी मल्टिमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो जवळजवळ करंट घेतच नाही. डिचोलीजवळच्या एका यंत्रावर ऑइलच्या दाबाचे दोन नवे सेन्सर बसवून झाले होते. खरा दोष केबिनच्या तळाशी क्लॅम्पखाली सोललेल्या वायरीत निघाला. म्हणून संशयित वायर दोन्ही टोकांना, म्हणजे कंट्रोलरपासूनही, सोडवावी आणि फ्यूज लावून तिच्यातून २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब पेटवून पाहावा. बल्ब मंद पेटला तर वायर आतून खाल्लेली आहे. क्लॅम्पच्या जागा, बूमच्या मुळाशी वाकणारे वायरिंग, सीटमागची फ्यूजपेटी आणि उंदरांनी कुरतडलेले कोपरे आधी पाहावेत. इंजेक्टरच्या वायरी मात्र इंजिन चालू असताना उघड्या करू नयेत, कारण त्यांत २४ पेक्षा बरेच जास्त व्होल्टेज असते.

दोन कंट्रोलरमधला आपसातला संपर्क तुटल्याचा कोड असेल, तर बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून कॅनच्या, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या, दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असल्याने ६० च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटले आहे, आणि शून्याच्या जवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या आहेत.

दुरुस्तीनंतर कोड पुसून यंत्र तासभर भाराखाली चालवावे, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, आणि नंतर इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू करून, दुरुस्त केलेल्या जागेजवळचे वायरिंग हाताने हलवत मॉनिटरकडे पाहावे. हलवताना कोड परतला, तर दोष त्याच हातभर लांबीत आहे.