इंजिनला हीट रॅप गुंडाळताय? मग आधी या चुका टाळा

मे महिन्यात भर दुपारी ठाण्यात कापूरबावडीला अर्धा तास अडकलात, एसी चालू, पुढे कंटेनर, बाजूला बस, आणि बॉनेटवरून हवा अशी थरथरताना दिसायला लागली की माणसाला काहीही सुचतं. मला हीट रॅप सुचला, म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपावर गुंडाळायची उष्णता अडवणारी पट्टी. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, आधीच्या मालकाने बाहेरून आणलेला हेडर (इंजिनमधून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा) बसवलेला, त्या नादात कंपनीचा पत्र्याचा हीट शील्ड काढून फेकून दिलेला, म्हणजे चार उघडे पाइप इंजिनला चिकटून निखाऱ्यासारखे तापत बसलेले. दोन व्हिडिओ बघितले, रोल मागवला, रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडी घालून बसलो आणि त्या एका दिवसात करता येतील तेवढ्या चुका केल्या. राहिलेल्या चुका मित्रांनी केल्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र रोल उघडायच्या आधीच होते, ती म्हणजे काटा वर जातोय म्हणून रॅप लावणं. टेम्परेचरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो. रॅप काय करतो, तर एक्झॉस्टच्या पाइपातली उष्णता पाइपातच कोंडून मागे सायलेन्सरकडे ढकलतो. इंजिनच्या ब्लॉकमधली उष्णता रेडिएटरनेच बाहेर जायची, तिथे पट्टीचा काही संबंध नाही. त्यामुळे काटा चढत असेल तर आधी तो कधी चढतो ते बघा. ट्रॅफिकमध्ये चढतो आणि ऐरोलीचा पूल मोकळा मिळाला की खाली येतो, तर फॅन, फॅनचा रिले किंवा एसी कंडेन्सरच्या जाळीत अडकलेला कचरा बघा. उलट सायन-पनवेलला ८० च्या स्पीडला चढतो, तर रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट नीट उघडत नाही किंवा कूलंट कमी आहे. आमच्या घोडबंदर पट्ट्यात टँकरचं पाणी कुकरच्या तळाशीसुद्धा पांढरा थर सोडतं, तेच पाणी कूलंटमध्ये 'थोडंसं टॉपअप' म्हणून टाकणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. आधी नीट कूलंट डिस्टिल्ड वॉटरसोबत भरा, अर्ध्या लोकांचं काम तिथेच होतं आणि रॅपचे पैसे वाचतात.

अजून एक गोष्ट ट्रॅफिकबद्दल, जी मलाही उशिरा कळली. गाडी उभी असताना बॉनेटखाली जी गरम हवा असते त्यातली बरीचशी रेडिएटर आणि कंडेन्सरमधून फॅनने आत फेकलेली असते, आणि रिकाम्यात चालणाऱ्या इंजिनचा एक्झॉस्ट तसा फार पेटलेला नसतो. म्हणजे तीन हात नाक्याच्या सिग्नलला रॅपचा फायदा तुम्हाला वाटतो तितका होत नाही. त्याचा खरा फायदा पाइपाच्या शेजारी जे आहे त्याला होतो: स्टार्टरची वायर, सेन्सरची वायरिंग, ब्रेकचा पाइप, इनटेकचा प्लास्टिक पाइप. गायमुखचा चढ दाबून चढलात, गाडी थांबवून बंद केली, की नंतरची दहा-पंधरा मिनिटं जी धग वर येते ना, ती रॅपने कमी होते.

मोजायची चूकसुद्धा इथेच सांगतो. ती लाल ठिपक्याची टेम्परेचर गन सगळ्यांकडे असते, लोक आधी चकचकीत स्टीलवर मारतात, मग रॅपवर मारतात आणि आकडे एकमेकांना दाखवतात. चकचकीत धातूवर ती गन खूप कमी तापमान दाखवते, रॅपवर बऱ्यापैकी बरोबर, त्यामुळे ही तुलनाच खोटी. शिवाय पाइपाची कातडी गार झाली म्हणजे बॉनेट गार झालं असं नाही. ओबीडीचा डोंगल (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवतो तो) लावा आणि आधी-नंतर, त्याच रस्त्याला, त्याच वेळेला, एसी तसाच ठेवून इनटेक एअरचं तापमान बघा. माझ्याकडे फरक पडला, पण थोडाच, आकडा सांगून कुणाला भुलवत नाही.

नव्या गाडीला तर हात लावूच नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, बहुतेक वेळा इंजिनला अगदी खेटून असतो, आणि काही इंजिनांत मॅनिफोल्ड, म्हणजे हेडरच्या जागचा कंपनीचा मूळ भाग, सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, गुंडाळायला वेगळं काही उरतच नाही. मग लोक कन्व्हर्टरच गुंडाळतात. अहो, तो आधीच स्वतः तापतो, त्यात एखादा प्लग मिस व्हायला लागला की न जळलेलं पेट्रोल आत जाऊन जळतं, कन्व्हर्टर लाल होतो, आणि वरून तुम्ही गोधडी घातलेली. डिझेलवाल्यांचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, पण तसाच, साठलेली काजळी जाळताना (रिजनरेशन) आत ५५०-६०० डिग्री होतात, कंपनीने विचार करून तिथे शील्ड दिलाय, त्याच्यावर आपलं डोकं चालवू नये. वॉरंटी जाईल ते वेगळंच.

आता पट्टी कुठली घ्यायची. साधी पांढरी-काळी फायबर ग्लासची असते, ती साधारण ५५० ते ६५० डिग्रीपर्यंत धरते. दुसरी तपकिरी-सोनेरी, जिला सगळे लावा किंवा टायटॅनियम म्हणतात, टायटॅनियम वगैरे त्यात नसतं, बेसाल्टचा दगड वितळवून काढलेला धागा असतो तो. (सह्याद्री पण बेसाल्टचाच, म्हणजे आपण डोंगर गुंडाळतो म्हणायचं!) ती जास्त तापमान झेलते. बाजारात मात्र फायबर ग्लासलाच सोनेरी रंग देऊन लावा म्हणून विकतात, त्यामुळे भाव बघून हुरळू नका, शक्य असेल तर एक तुकडा मागून घ्या आणि ब्लो टॉर्चवर दोन मिनिटं धरा. रंग उडाला आणि थंड झाल्यावर दुमडताच भुगा व्हायला लागला तर कळलं. घरच्या गॅसवर हा प्रयोग नको, मी केलाय, चहाला दोन दिवस वास होता आणि बोलणी त्याहून जास्त दिवस.

किती घ्यायची याचा साधा हिशोब: दीड इंची पाइप आणि दोन इंची पट्टी असेल तर पाइपाच्या एका फुटाला साधारण तीन फूट पट्टी लागते. ५० फुटांचा एक रोल चार सिलिंडरच्या हेडरला आरामात पुरतो. उरलं म्हणून दुसरा थर चढवू नका, मी चढवला होता. आतला धातू गरजेपेक्षा जास्त तापतो. एकावर एक चढ पाव इंचाचाच ठेवायचा.

गाडीवरच, हेडर न काढता, हात घालून घालून गुंडाळणं ही मेकॅनिक लोकांची आवडती चूक. 'साहेब, काढायची गरज नाही, असंच बसवतो.' त्याचंही बरोबर आहे म्हणा, जुने स्टड तुटले की डोकेदुखी त्याच्याच गळ्यात. पण आत हात वळत नाही तिथे पट्टीला ताण बसत नाही, महिन्याभरात ती सैल होऊन लोंबायला लागते. आदल्या रात्री स्टडना गंज सोडवायचा स्प्रे मारा, दुसऱ्या दिवशी हेडर खाली घ्या, नवीन पॅकिंग टाका. पॅकिंगच्या कडेला काळी काजळी दिसली तर तिथून आधीच गळत होतं असं समजा, ते रॅपखाली झाकलं तर नंतर फक्त टिक-टिक आवाज येतो आणि कुणालाही जागा सापडत नाही. फ्लँज (जिथे बोल्ट लागतात ती चपटी कड), ऑक्सिजन सेन्सरची बैठक आणि ती जाळीदार फ्लेक्सची नळी, हे तिन्ही उघडं ठेवायचं. फ्लेक्स वाकण्यासाठीच असते, तिला आवळून टाकली तर तडे दुसरीकडे जातात.

फायबर ग्लासची पट्टी गुंडाळण्याआधी बादलीत भिजवा, मऊ होते, ताण चांगला बसतो आणि कुसळं कमी उडतात. कमी म्हटलं, बंद नाही. मी हाफ पँट आणि बनियनवर बसलो होतो. रात्रभर दोन्ही हात कोपरापर्यंत चुलीवर धरल्यासारखे, अंघोळ गरम पाण्याने केली तर अजून आत रुतलं. फुल बाह्या, हातमोजे, मास्क, चष्मा, आणि नंतर गार पाण्याने धुवायचं. बांधायला स्टीलचे टायच घ्या. प्लास्टिकचा केबल टाय लावणारे पण भेटलेत, पहिल्या सिग्नलपर्यंत टिकतो.

दिशा कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. छपरावर कौलं कशी चढवतात, खालून सुरुवात करून वर, म्हणजे वरचं कौल खालच्यावर येतं आणि पाणी ओघळून जातं, अगदी तसं. उभ्या पाइपाला खालून वर गुंडाळा. गाडीखाली आडव्या जाणाऱ्या पाइपाला मागून पुढे, म्हणजे पट्टीची उघडी कड मागच्या बाजूला राहते आणि समोरून उडणारं पाणी आत घुसत नाही.

पाण्याचं इतकं सांगतोय कारण ठाणे-नवी मुंबईत रॅपचा खरा शत्रू पाऊस आहे. पट्टी स्पंजासारखं पाणी धरते. रोज तासभर पळणारी गाडी असेल तर ते वाळतं, पण घरून स्टेशन, स्टेशनवरून घर, तीन-तीन किलोमीटर, आणि मग शनिवार-रविवार उभी, अशी गाडी असेल तर जून ते सप्टेंबर तो पाइप ओल्या फडक्यात गुंडाळलेला राहतो. खाडीच्या बाजूला, वाशी-बेलापूर-ऐरोलीकडे हवाच खारी. एका मित्राचा माइल्ड स्टीलचा हेडर दोन पावसाळ्यांनी उघडला तेव्हा पट्टीसोबत गंजाच्या पापड्या सुटून आल्या, खालचा पाइप पान्याने टोचला तर पाना आत गेला. बऱ्याच हेडर कंपन्या रॅप केलेल्या हेडरवर वॉरंटीच देत नाहीत, ते उगाच नाही. आधी चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर बहुतेक चांगलं ३०४ स्टेनलेस आहे, गुंडाळा बिनधास्त. चिकटला तर माइल्ड स्टील असू शकतं किंवा ४०९ ग्रेडचं स्टेनलेस, तिथे मी तरी रॅप टाळतो. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड असेल तर नकोच, त्याला तडे जायची भीती असते.

आणि आगीचं. गुंडाळून झालं, गाडी चालू केली, पाच मिनिटांत बॉनेटमधून पांढरा धूर. हे नॉर्मल आहे, पट्टीतला चिकटवणारा माल जळतो आणि पाण्याची वाफ होते, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत थांबतं. मला माहीत होतं, वॉचमन काकांना नव्हतं. 'साहेब, बाजूला व्हा, पेटली गाडी!' म्हणत ते वाळूची बादली घेऊन आले आणि मी ओरडेपर्यंत अर्धी बादली बॅटरीवर. संध्याकाळभर रंगाच्या ब्रशने वाळू काढत होतो. तेव्हा मोकळ्यावर चालू करा आणि आधी सांगून ठेवा. पण काकांची भीती खोटी नव्हती. तीन आठवड्यांनी पुन्हा धूर आला, तेलकट, निळसर, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत होतं आणि ऑइल थेंब थेंब रॅपवर. उघड्या पाइपावर थेंब पडला तर चर्र होऊन उडून जातो, रॅप मात्र तो पितो, वातीसारखा. दाबून चालवलेल्या गाडीत तो पाइप सहज ४०० डिग्रीच्या वर असतो, पुढचं सांगायला नको. तेल लागलेली पट्टी धुवून चालत नाही, काढून फेकायची. रॅप लावायच्या आधी टॅपेट कव्हर, पॉवर स्टिअरिंगची नळी, कूलंटच्या नळ्या, एकूण एक गळती बंद करा, आणि गाडीत आग विझवायचा एक किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर ठेवा. सीएनजीवाल्यांनी रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि त्याच्या नळ्या पाइपापासून किती लांब आहेत ते किट बसवणाऱ्याकडूनच तपासून घ्यायचं, स्वतः सरकवायचं नाही. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर बॉनेट आठवड्यातून एकदा उघडा, आमच्याकडे मॅनिफोल्डवर चिंध्या आणि अर्धा वडापाव सापडलाय.

लावल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला तर घाबरण्याआधी ऑक्सिजन सेन्सरची वायर बघा, बहुतेक वेळा ती टायखाली चेमटलेली किंवा पाइपाला टेकलेली असते. प्लास्टिकचा वास आला तरी तेच. दोन-तीनदा इंजिन पूर्ण तापून थंड झालं की टाय परत आवळा, पट्टी थोडी बसते. सैल राहिला टाय की रिकाम्यात खुळखुळ येते आणि लोक उगाच शॉकअब्सॉर्बर बदलतात.

टर्बोवाल्यांसाठी एकच, उष्णतेचं जॅकेट फक्त टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या गोगलगायीसारख्या भागावर, मधल्या बेअरिंगच्या भागाला आणि वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट वळवणाऱ्या झडपेच्या) दांडीला मोकळं ठेवा.

खरं सांगू, आज कुणी विचारलं तर दहातल्या आठ जणांना मी रॅप नको म्हणतो. कंपनीचा शील्ड परत मिळवून बसवा, पत्रा आणि पाइप यांच्यात बोटभर हवा राहिली की बरंच काम होतं, ओलं राहत नाही, तेल पीत नाही. ज्या वायरी जवळून जातात त्यांना चंदेरी स्लीव्ह चढवा. माझ्याही गाडीत आता डाउनपाइपवरच, म्हणजे हेडरच्या मागे खाली जाणाऱ्या पाइपावरच, रॅप उरलाय, हेडरवरचा काढला. काढताना आधी पाण्याचा फवारा मारून ओला केला, कारण तापून तापून तो कोरड्या पापडासारखा झालेला असतो आणि हात लावला की धूळ उडते, मग दोन पिशव्यांत घालून तोंड बांधलं, आणि पिशवीवर मार्करने 'काचेचे धागे' असं लिहून मगच सफाईच्या ताईंच्या हातात दिलं.