कोयोलशाउकीची शिळा खळ्यात आखून पाहताना
पुस्तकातल्या चित्रावरून या शिळेचा, म्हणजे मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांनी कोयोलशाउकी देवी कोरलेल्या गोल दगडाचा, आवाका कळत नाही. म्हणून तूर काढून रिकामे झालेले खळे सारवून घ्यावे, मधोमध खुंटी ठोकावी आणि १.६ मीटर लांब दोरी फिरवून चुन्याचे वर्तुळ आखावे. १९७८ साली मेक्सिको सिटीत वीज कामगारांना खोदताना लागलेली मूळ शिळा साधारण एवढीच आहे. वर्तुळात आधी धड, मग तुटलेले हातपाय आणि शिर काढावे. गालावरची घंटा विसरू नये, कारण देवीचे नाव तिच्यावरूनच पडले आहे.

मूर्ती उभी पाहण्याची आपली सवय मात्र इथे फसवते. ही शिळा मुख्य मंदिराच्या पायऱ्यांच्या तळाशी आडवी होती. वित्सिलोपोच्त्ली या देवाने आपल्या बहिणीला, म्हणजे कोयोलशाउकीला, मारून डोंगरावरून खाली टाकले, ही कथा मंदिरात बळी दिलेल्या माणसाचे प्रेत पायऱ्यांवरून खाली येताना पुन्हा घडत असे.