विहिरीवरची मोटर आणि ईव्हीचा एचपी: तुलना करताना या चुका टाळा

आमच्याकडं पाच एचपी म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. विहिरीवरची मोटर. थ्री फेज आलं की चालू, जाईपर्यंत उसाला पाणी. म्हणून खानापूरजवळचे आमचे मामा ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी, बघायला बेळगावात आले तेव्हा त्यांनी सगळीकडं एकच प्रश्न विचारला, ‘किती एचपी?’ संध्याकाळी त्यांच्या वहीत एकाखाली एक चार आकडे होते: १२९, १५०, १४७.५, ११०. मामांच्या लेखी चार गाड्या. बघितलं तर शेवटचे तीन आकडे एकाच महिंद्रा एक्सयूव्ही ४०० चे!

पहिली चूक ही. ११० किलोवॅट म्हणजेच १५० पीएस, म्हणजेच १४७.५ बीएचपी. पीएस आणि बीएचपी ही अश्वशक्तीचीच दोन मापं, किंचित वेगळी. कुणी पीएस छापतं, कुणी बीएचपी, आणि बोलताना सगळे ‘एचपी’च म्हणतात. किलोवॅटला १.३६ नं गुणलं की पीएस, १.३४१ नं गुणलं की बीएचपी. सगळं आधी किलोवॅटमध्ये आणा, मग काय ती तुलना करा. आणि किलोवॅट-तास हा आकडा यात घुसू देऊ नका. ती बॅटरीची साठवण, आपल्या हेस्कॉमच्या वीजबिलातलं ‘युनिट’. घरच्या चार्जरवरचं ७.२ किलोवॅटही मोटरची ताकद नव्हे.

खरी गोची पुढं आहे. पंपाच्या मोटरच्या पाटीवरचे ५ एचपी म्हणजे ती तासन् तास देऊ शकते ती ताकद. गाडीच्या ब्रोशरमधला आकडा मात्र शिखराचा असतो, थोड्या वेळापुरता. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरजोगी करून देणारा भाग), बॅटरी तापली की गाडी स्वतःच हात आखडता घेते. आपल्याकडं एआयएस-०४१ या वाहनांच्या मानकात दोन्ही मोजमापं आहेत: निव्वळ ताकद, आणि सलग ३० मिनिटं टिकणारी कमाल ताकद. दुसरा आकडा बहुतेक वेळा बराच लहान असतो, म्हणून जाहिरातीत दिसत नाही. विक्रेत्याला तोच विचारा. गडबडला तर काय ते समजा.

‘मग घाटात दमत्या काय रे गाडी?’ मामांची पोरगी गोव्यात दिली आहे, त्यामुळं त्यांचा सगळा जीव चोर्ला घाटात. वहीच्या मागच्या पानावरच हिशोब मांडला. माणसं धरून १८०० किलो वजन, ७ टक्के चढ, ताशी ४० चा वेग. वर उचलायला साधारण १४ किलोवॅट, टायर आणि हवेचे ३. झाले १७, म्हणजे २३ पीएस. १२९ काय आणि १५० काय, चढायला दोन्ही भरपूर. फरक कळतो तो चढावर ट्रकला ओव्हरटेक करताना. त्यातही एक मेख आहे. गोव्याला जाताना उतार, चढ लागतो परतताना, घाटाखालचं केरी सोडल्यावर. तेव्हा बॅटरी उतरलेली असते आणि चार्ज फार कमी झाला की बऱ्याच गाड्या ताकद कापतात. म्हणजे ओव्हरटेकला ब्रोशरचा आकडा हवा असतो नेमका तेव्हाच तो मिळत नाही. तिकडूनच थोडं चार्ज करून निघालेलं बरं.

पेट्रोल गाडीशी तुलना करताना एक गोष्ट ईव्हीच्या बाजूची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथली हवा विरळ, त्यामुळं टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन अंदाजे ७ टक्के ताकद गमावतं. विजेच्या मोटरला त्याचं काही नाही.

दोन मोटरींच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आकड्यांची नुसती बेरीज करू नका. २०१४ मध्ये आलेली टेस्ला पी८५डी ६९१ एचपीची म्हणून गाजली होती. पुढची मोटर २२१, मागची ४७०. पण बॅटरी एका वेळी तेवढी वीज देऊच शकत नव्हती. नंतर कंपनीनं दिलेला आकडा होता ४६३.

स्वतः मोजायचं असेल तर डॅशबोर्डवरच्या किलोवॅटच्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो बॅटरीतून निघणारी वीज दाखवतो, एसीसकट. चाकाशी त्याहून कमीच पोचतं. त्यापेक्षा मोकळा, सपाट रस्ता आणि स्टॉपवॉच धरणारा सोबती बघा. ताशी ४० वरून ८० ला यायला किती सेकंद? माणसांसह १६०० किलोची गाडी ५ सेकंदात आली, तर सरासरी ५९ किलोवॅट फक्त वेग वाढवण्यात गेले; हवा-टायरचं वेगळं. आमची पहिली मोजणी चुकली. सपाट वाटलेल्या रस्त्याला उतार होता, आणि मामांनी मागं खताची दोन पोती ठेवलेली सांगितलंच नव्हतं. जाताना एकदा, येताना एकदा मोजून सरासरी काढा. आणि आधी डिकी उघडून बघा.