जिभाऊंचा ‘डोया’ : बोलीच्या अभ्यासाला लागणाऱ्यांसाठी

भाषाविज्ञानात एम. ए. करून मी अमळनेर तालुक्यातल्या माझ्याच गावी अहिराणीच्या ध्वनींची नोंद घ्यायला आले, तेव्हा माझ्याजवळ दोनशे शब्दांची यादी, एक रेकॉर्डर आणि ही बोली आपल्याला येतेच असा विश्वास होता. शेजारच्या जिभाऊंना ओसरीवर बसवून मी प्रमाण मराठीत एकेक शब्द विचारत गेले. ‘डोळा’ला तुम्ही काय म्हणता, असे विचारल्यावर ते सावरून बसले आणि ‘डोळा’ असेच म्हणाले. ‘शाळा’, ‘डाळ’, ‘काळा’ यांचीही तीच गत झाली. यादी संपत आली असताना त्यांचा नातू डोळा चोळत रडत आला आणि जिभाऊ त्याच्याकडे वळून म्हणाले, “डोयामा काय गयं रे?” पाऊण तासाच्या त्या ध्वनिमुद्रणात माझ्या कामाचे एवढे एकच वाक्य होते.

यादी घेऊन बसलेल्या शिकलेल्या माणसाशी आपल्याकडचा माणूस मराठीत बोलू लागतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. ज्या भाषेत आपण विचारतो त्याच भाषेत तो उत्तर देतो. म्हणून नव्याने या कामाला लागणाऱ्यांनी यादी चार दिवस बाजूला ठेवावी आणि आधी पेरणीच्या, लग्नाच्या, भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकाव्यात. ‘ळ’च्या जागी ‘य’ सगळीकडे येतो की ठरावीक शब्दांतच, हे तपासायला यादी पुढे लागतेच. पण ती अहिराणीतून आणि शक्य तिथे वस्तू दाखवून विचारावी.

जुन्या साधनांकडेही याच नजरेने पाहावे लागते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला, आणि खानदेशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, त्यात मराठीबरोबर न ठेवता भिल्ली भाषांच्या सोबत ठेवले आहे. तो भाग अभ्यासकाने वाचलाच पाहिजे. मात्र या सर्वेक्षणात ठिकठिकाणी नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे भाषांतर घेतलेले आहे, आणि भाषांतर करणारा मूळ वाक्याची घडण नकळत सोबत आणतो, हे वाचताना विसरू नये.

व्याकरणात मराठीची मोजपट्टी लावली की बोली अपुरी दिसू लागते. मराठीत पुरुष ‘मी जातो’ म्हणतो आणि बाई ‘मी जाते’ म्हणते. अहिराणीत दोघेही ‘मी जास’ म्हणतात, आणि ‘तू जास’, ‘तो जास’, ‘ती जास’ अशी पुढची रूपेही तीच राहतात, अनेकवचनात मात्र ‘जातस’ येते. याला ‘लिंगभेद गळाला’ असे म्हणणे मला पटत नाही. काय गळाले यापेक्षा इथे काय आहे, ते आधी मांडावे.

खानदेशात राहणाऱ्याला भाषांची विविधता पाहायला दूर जावे लागत नाही. नंदुरबारकडे पावरी आणि मावची, यावल-रावेरकडे लेवा गणबोली (बहिणाबाई चौधरींची गाणी या बोलीतली आहेत, अहिराणीतली नव्हेत), पूर्वेला मेळघाटात द्विवचन राखून असलेली मुंडा कुळातली कोरकू, आणि बुलढाण्यातल्या जळगाव जामोदच्या परिसरात कोणत्याच ज्ञात कुळात न बसणारी निहाली. यांतल्या एका तरी भाषेचा परिचय करून घ्यावा, म्हणजे आपल्या बोलीत नेमके काय वेगळे आहे ते दिसू लागते.

मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवले ते गोष्टींनी. जिभाऊ एकट्या रेकॉर्डरला गोष्ट सांगत, तेव्हा ती दोन मिनिटांत आटपे. नातू समोर बसून ‘हां, हां’ करू लागला की तीच गोष्ट पंधरा मिनिटे चाले. तेव्हा ऐकणारा माणूस हवाच, आणि त्याचा हुंकार आवाज साफ करण्याच्या नादात काढून टाकू नये. मुद्रित बोलणे लिहून काढण्यासाठी एलान ही संगणकप्रणाली सोयीची आहे, कारण तिच्यात ध्वनीच्या नेमक्या क्षणाला ओळ जोडता येते. पण हे काम सावकाश होते. दहा मिनिटांच्या बोलण्याला माझे दोन दिवस जात.

ते लवकर उरकण्याच्या घाईत मी एक चूक केली. “तो वावरमा गया. वावरमा जाईसन झाडखाले बसना,” असे जिभाऊ सांगत, आणि दुसऱ्या वाक्याच्या आरंभीचे ‘वावरमा जाईसन’ ही नुसती पुनरुक्ती समजून मी ते लिहीतच नव्हते. लिहिलेले त्यांना वाचून दाखवायला बसले तेव्हा तिसऱ्याच ओळीला त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, “वावरमा जाईसन ऱ्हायनं ना!” मागच्या वाक्यातली क्रिया ‘-ईसन’ (मराठीतले ‘-ऊन’) लावून पुन्हा उचलायची आणि तिच्यावर पुढची घटना उभी करायची, ही त्या कथनाची चाल होती, ती काढून टाकल्यावर त्यांना आपलीच गोष्ट ओळखू येईना. त्या दिवशी ध्वनिमुद्रणे पहिल्यापासून लावून जिभाऊ ऐकत गेले आणि गाळलेले एकेक ‘जाईसन’, ‘करीसन’ मी त्यांच्यासमोर परत लिहीत गेले.