रोजची दहा मिनिटं मनासाठी: वही घेऊन बसायचं कसं

सकाळी फोन उघडला की चार ग्रुपवर चार सुविचार आलेले असतात, मागे सूर्योदय आणि खाली "सकारात्मक रहा". रहा म्हणजे नेमकं काय करायचं, किती वाजता, किती वेळ, हे कुणीच सांगत नाही. मी इथे तेवढंच सांगणार आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढूया. आरशासमोर उभं राहून "मी खूप छान आहे, माझं सगळं छान होणार" असं रोज म्हणा, हा सल्ला तुम्ही पण ऐकला असेल. २००९ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोअन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खरंच तपासून बघितलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं त्यांना असं वाक्य परत परत म्हटल्यावर उलट जास्तच वाईट वाटलं. आपण एक वाक्य म्हणतो आणि मन आतून लगेच त्याला उत्तर देतं, "कुठे काय छान आहे!" म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच हे औषध लागू पडत नाही. म्हणून आपल्याला खोटी गोड वाक्यं नकोत, खरी वाक्यं हवीत, जी मनाला पटतील आणि ज्यांच्यावर उभं राहता येईल.

त्यासाठी मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेली पद्धत म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी), मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार. एलिस न्यूयॉर्कचे, आधी फ्रॉइडच्या वळणाचं मनोविश्लेषण करायचे, पेशंट येतात, बोलतात, जुन्या आठवणी काढतात आणि तरी तसेच राहतात हे बघून ते वैतागले आणि १९५५ पासून त्यांनी स्वतःची वेगळी पद्धत वापरायला सुरुवात केली. मूळ कल्पना फार जुनी आहे, ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस याने सांगून ठेवलेली, की माणूस घटनेमुळे अस्वस्थ होत नाही, त्या घटनेकडे तो कसं बघतो त्यामुळे होतो. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं शिकवली आणि मराठीतून मांडली, त्यामुळे इथल्या बऱ्याच समुपदेशकांना ती चांगली माहीत आहे.

तर आता वही. साधी शाळेची वही चालेल. मोबाइलवर लिहिलं तरी चालतं पण मी वहीच घ्या म्हणेन, कारण फोन हातात आला की मध्येच नोटिफिकेशन येतं आणि दहा मिनिटांची चाळीस होतात. वेळ ठरवताना "रोज संध्याकाळी कधीतरी" असं ठरवू नका, ते होत नाही. रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट पकडा आणि तिच्या शेपटाला हे बांधा. ऑफिसहून आल्यावरचा चहा संपला की वही, किंवा डबा भरून झाला की वही, किंवा परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की वही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, प्रत्येकाने अशीच एक छोटी गोष्ट रोज ठरावीक वेळेला जोडून करायची, आणि ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवस. पण तो सगळ्यांना सारखा नव्हता, कुणाला १८ दिवस तर कुणाचा अंदाज थेट २५४ पर्यंत. त्यामुळे २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं ते डोक्यातून काढून टाका, नाहीतर बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की वाटतं आपल्यातच खोट आहे. त्याच अभ्यासात अजून एक कामाची गोष्ट निघाली, एखादा दिवस चुकला तर सवयीचं काही बिघडत नाही.

आता वहीत लिहायचं काय ते नीट बघूया, कारण खरं काम इथेच आहे. पानावर तीन भाग, घटना, परिणाम आणि विचार. क्रम मुद्दाम असा सांगतेय, कारण घटना आणि परिणाम आपल्याला पटकन दिसतात, विचार मधे लपून बसलेला असतो, तो शेवटी शोधायचा.

समजा एक मुलगा आहे, बार्शीकडचा, पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतोय. अभ्यासिका, मेस, खोली एवढंच आयुष्य. गावी चुलतबहिणीच्या लग्नाला गेला आणि जेवणाच्या पंगतीत काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, यंदा तरी पोस्ट निघणार का?" पुण्यात परत आला आणि दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. आता तो वही घेऊन बसलाय.

घटना या रकान्यात तो पहिल्यांदा लिहितो, "काकांनी चारचौघांत माझा अपमान केला." हे खोडायचं. घटनेत फक्त तेवढंच लिहायचं जे मोबाइलच्या कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालं असतं. कॅमेऱ्यात अपमान दिसत नाही, काका दिसतात आणि त्यांचं एक वाक्य ऐकू येतं. मग तो लिहितो, "काकांनी पंगतीत विचारलं, यंदा तरी पोस्ट निघणार का." बस. एवढ्या एका दुरुस्तीने सुद्धा घटना आहे त्या आकाराची दिसायला लागते.

परिणाम मध्ये भावना आणि वागणं दोन्ही लिहायचं, आणि भावनेला दहापैकी मार्क द्यायचे. लाज ८, राग ६. दोन दिवस अभ्यासिकेत गेलो नाही, मेसला पण उशिरा गेलो म्हणजे कुणी भेटायला नको, रात्री दोनपर्यंत रील्स.

आता विचार. इथे स्वतःला विचारायचं, त्या क्षणी मी मनात काय म्हणत होतो? पहिलं उत्तर बहुतेक वेळा वरवरचं येतं, "काकांनी असं विचारायला नको होतं." तिथे थांबायचं नाही, "बरं विचारलं, मग त्यात काय?" असं स्वतःला अजून दोनतीनदा विचारायचं. मग खालचं बाहेर येतं, "यंदा माझी पोस्ट निघालीच पाहिजे. नाही निघाली तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, मला ते सहनच होणार नाही, म्हणजे मी फुकट गेलेला माणूस." हे सापडलं की अर्धं काम झालं समजा. एलिस यांचं म्हणणं असं की आपल्या बहुतेक टोकाच्या त्रासामागे असा एखादा हट्ट असतो, कधी स्वतःबद्दल (मी यशस्वी झालंच पाहिजे), कधी इतरांबद्दल (त्यांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे), कधी परिस्थितीबद्दल (सगळं माझ्या सोयीने झालंच पाहिजे). आणि हट्टाच्या मागोमाग तीन गोष्टी येतात, हे भयंकर आहे, हे मला सहन होणार नाही, आणि मी किंवा समोरचा माणूसच नालायक आहे.

पुढच्या पानावर त्या विचाराला तीन प्रश्न विचारायचे. याला पुरावा काय, म्हणजे पोस्ट निघालीच पाहिजे असा नियम कुठे आहे, हजारो जण बसतात आणि जागा मोजक्या असतात. दुसरा, हे तर्काला धरून आहे का, मला एखादी गोष्ट खूप हवी आहे म्हणून ती मिळालीच पाहिजे असं कसं होईल, आणि एक परीक्षा राहिली म्हणून आख्खा माणूस फुकट कसा गेला. तिसरा माझ्या आवडीचा, असा विचार करून फायदा काय झाला? अभ्यास वाढला का? इथे तर दोन दिवस बुडाले. उत्तरं वहीत खरोखर लिहायची, नुसती मनात नाही, मनातल्या मनात आपण स्वतःला फार लवकर गप्प करतो.

शेवटी नवीन वाक्य. "पोस्ट निघावी अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि त्यासाठी मी जोर लावणार आहे, पण ती निघालीच पाहिजे असं काही नाही. नाही निघाली तर खूप वाईट वाटेल, घरच्यांनाही वाटेल, ते कठीण असेल पण मी ते सोसू शकतो, आणि पुढे काय करायचं ते ठरवू शकतो." बघा, यात कुठेही "सगळं छान होणार" नाही. तरी या वाक्यावर माणूस दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत जाऊ शकतो. परत मार्क द्यायचे, लाज ८ ची ४ झाली तरी खूप झालं, शून्य करायच्या नादी लागू नका. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबून सांगते, वाईट वाटणं हा आजार नाही. अपयश आल्यावर दुःख होणं, अन्याय झाला की चीड येणं, परीक्षेआधी काळजी वाटणं हे निरोगी आहे आणि त्यातूनच माणूस हातपाय हलवतो. आपल्याला कमी करायचंय ते खचून जाणं, धुमसत राहणं, घाबरून गोठून जाणं. निरोगी मन म्हणजे सतत हसरं मन असं जे झालंय ना सगळीकडे, त्याने लोकांना उगाच अजून अपराधी वाटतं.

पण नुसतं लिहून भागत नाही. नवीन वाक्य वागण्यात उतरलं नाही तर आठवड्याभरात विरून जातं. म्हणून पानाच्या खाली रोज एक छोटी कृती लिहा, दुसऱ्या दिवशी करायची, जी त्या भीतीच्या दिशेने जाणारी असेल. त्या मुलाने काकांना स्वतःहून फोन करायचा आणि सरळ सांगायचं, "काका, प्रयत्न चालू आहेत, निकाल माझ्या हातात नाही, तुम्ही विचारलंत तेव्हा मला अवघड वाटलं." एवढंच, दोन मिनिटं.

एलिस यांनी हे स्वतःवर केलेलं आहे. १९ वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती होती, तर त्यांनी ठरवलं की महिनाभर रोज ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं, बाकावर एकटी बाई बसलेली दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. त्यांनीच सांगितलेला हिशोब असा की १३० जणींच्या बाकावर ते बसले, ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, त्यातली एक भेटायला तयार झाली आणि ती पण आलीच नाही. पण इतक्या नकारांनंतर सुद्धा आपलं काही बिघडलं नाही हे त्यांना दिसलं आणि भीती गेली. आज हे कुणी जसंच्या तसं करू नका, अनोळखी बाईला याचा त्रास होतो आणि तिचा त्रास आपल्या सरावापेक्षा मोठा आहे. पण तत्त्व घ्या. मीटिंगमध्ये "मला हे कळलं नाही, परत सांगाल का" म्हणणं, भाजीचा भाव विचारून न घेता पुढे जाणं, सासरच्या ग्रुपवर "मला या रविवारी जमणार नाही" एवढंच लिहिणं आणि त्याला चार कारणं न जोडणं. रोज एक. सोपं वाटलं तर थोडं अवघड निवडा, झेपलं नाही तर छोटं करा.

शरीराचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहीतच आहे पण सोडून चालणार नाही. झोप अपुरी असेल तर वहीतली भांडणं जिंकता येत नाहीत, मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं तरी मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चाललात की झालं. आणि रात्री साडेअकराला अंथरुणात पडून वही उघडू नका, त्या वेळी प्रत्येक प्रश्न आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, एका ओळीत लिहून ठेवा आणि उद्या बघा. चांगल्या गोष्टी लिहून ठेवायची सवय पण उपयोगी आहे, फक्त रोज "आईबाबा, आरोग्य, नोकरी" लिहिलंत तर चार दिवसांत निर्जीव होतं, आठवड्यातून एकदाच लिहा पण बारीक लिहा, कोण, काय केलं, कधी.

आता एक गोष्ट मी अगदी ठासून सांगणार आहे. ही वही अन्याय गिळण्यासाठी नाही. घरात मारहाण होत असेल, पगार अडकवून ठेवला असेल, कुणी त्रास देत असेल तर "मी हे सोसू शकते" लिहून गप्प बसायचं नाही. तिथे वहीचा उपयोग एवढाच की भीतीने गोठलेलं डोकं मोकळं व्हावं आणि पुढचं पाऊल, तक्रार, वकील, माहेर, जे असेल ते उचलता यावं. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील तर वहीवर ढकलू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलीमानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. जिवाशी खेळ वाटावा असं काही मनात असेल तर आत्ताच लावा, आणि घरातल्या एका माणसाला उठवून सांगा.

खंड पडला, पडेलच, लग्नसराईत, दिवाळीत, घरात आजारपण आलं की पडतोच, तर राहिलेली पानं भरत बसू नका, आजच्या तारखेपासून पुढे. आणि महिन्याच्या शेवटी एकदा अर्धा तास काढून सगळी पानं सलग वाचा. घटना वेगवेगळ्या दिसतील, काका, बॉस, मुलीची शाळा, सोसायटीची मीटिंग, पण विचारांच्या रकान्यात तोच एखादा हट्ट परत परत आलेला सापडेल, समजा "सगळ्यांना मी आवडलोच पाहिजे". त्याच्याखाली पेनाने रेघ मारा आणि पुढच्या महिन्याच्या रोजच्या कृती फक्त त्या एकाच हट्टाला धरून निवडा.