खाली बसवलेली गाडी गतिरोधकावर आदळायची, त्यावरचा उपाय

हॅचबॅकला ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या, शॉकअप मूळचेच ठेवले. दिसायला झकास, पण मागे तिघे बसले की प्रत्येक गतिरोधकावर ‘धप्प’.

आधी शॉकअपच्या रॉडवर झिप टाय घट्ट बांधून पांदणीतून एक चक्कर मारली. टाय वर सरकत थेट बंप स्टॉपला (शॉकअप पूर्ण दाबला की धक्का झेलणारा रबरी ठोकळा) भिडलेला. म्हणजे स्प्रिंग नव्हे, शॉकअपची चालच संपत होती. आखूड स्प्रिंगवर मूळचा शॉकअप आधीच जास्त दाबलेला असतो, वर कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. बंप स्टॉप कापायचा सल्ला बरेच देतात. स्प्रिंग बनवणाऱ्याने मोजून सांगितलं नसेल तर कापू नये.

शेवटी कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकअप एकत्र, आट्यांवरची रिंग फिरवून उंची बदलता येते) बसवले आणि गाडी मूळ उंचीपेक्षा फक्त १५ मिमी खाली ठेवली. उंची जमिनीपासून नाही, हबच्या (चाकाच्या) मध्यापासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंत मोजायची, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक पडत नाही. चाक लोंबकळतं असताना स्प्रिंग हाताने हलली तर ती सुटू शकते. सस्पेन्शन आर्मच्या बुशचे (रबरी जोडाचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले की बुश पिळवटून लवकर फाटतं. २००-३०० किमीनंतर उंची पुन्हा मोजून मगच चाकांची अलाइनमेंट.

आपल्याकडची काळी माती कॉइलओव्हरच्या आट्यांत सुकली की उंचीची रिंग पान्यानेही फिरत नाही. पावसाळ्यात ब्रशने धुवा, वर गंजरोधक स्प्रे. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते.