प्रीॲम्प बदलावा की नाही, हे कसे ठरवावे

घरच्या स्टिरिओचा आवाज मनासारखा येईनासा झाला की संशय बहुधा प्रीॲम्पवर, म्हणजे सीडी प्लेअरसारख्या स्रोताचा सिग्नल निवडून त्याची पातळी ठरवणाऱ्या यंत्रावर, येतो, कारण स्पीकर बदलण्यापेक्षा तो बदलणे सोपे असते. मात्र सुस्थितीतल्या प्रीॲम्पची विकृती (मूळ सिग्नलमध्ये होणारा बिघाड) ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, तर चांगल्या स्पीकरचीही खर्जात १ टक्क्यापर्यंत सहज जाते. त्यामुळे खर्ज घुमतो किंवा आवाज कर्कश वाटतो अशी तक्रार असेल, तर आधी स्पीकरची जागा आणि खोली तपासावी.

प्रीॲम्पचा खरा दोष बहुधा खरखर, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण) किंवा जोडणी यांत सापडतो. खरखरीची परीक्षा सोपी आहे. काहीही वाजत नसताना कान ट्वीटरजवळ (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरजवळ) नेऊन व्हॉल्यूमचा नॉब हळूहळू फिरवावा. नॉबबरोबर सूं असा आवाज वाढत असेल, तर तो नॉबच्या आधीच्या टप्प्यातून किंवा स्रोतातून येतो. तो तसाच राहत असेल, तर यंत्रे बंद करून प्रीॲम्पची तार काढावी, पॉवर ॲम्पच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, इनपुटला शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन्ही टोके एकमेकांना जोडून तो मुका करणारे प्लग) लावावेत आणि पुन्हा ऐकावे. आवाज तरीही कायम असेल, तर प्रीॲम्प निर्दोष आहे. जाड, सलग घरघर मात्र बहुतेक वेळा अर्थिंगच्या वळशातून (यंत्रे एकाहून अधिक वाटांनी अर्थला जोडली गेल्याने) येते, आणि ती नव्या प्रीॲम्पबरोबरही तशीच राहू शकते. नॉब फिरवताना होणारी करकर अनेकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

गेनकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सीडी प्लेअरची प्रमाणित पातळी २ व्होल्ट असते, आणि पुष्कळ पॉवर ॲम्पना पूर्ण ताकदीसाठी १ ते २ व्होल्टच लागतात. म्हणजे अशा संचात प्रीॲम्पचे मुख्य काम सिग्नल वाढवण्याचे नसून कमी करण्याचे असते. नॉब पाव फेरा फिरताच आवाज असह्य होत असेल, तर गेन गरजेपेक्षा जास्त आहे. माझ्याकडे रात्री हळू आवाजात ऐकताना मधोमध उभा असलेला गायक डावीकडे सरकत असे, कारण नॉबच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात पोटेन्शिओमीटरच्या (नॉबमागच्या बदलत्या रोधाच्या) डाव्या-उजव्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. नवा प्रीॲम्प घेण्याची तयारी झाली होती. पण प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्यामध्ये सिग्नल १० डेसिबेलने कमी करणारे अ‍ॅटेन्युएटर लावताच नॉब बराच वर घेता आला आणि गायक मध्यभागी स्थिर झाला.

जोडणीत पाहायचा तो इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अवरोध; त्याचा नियम थोडक्यात असा: पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा. काही व्हॉल्व्ह (निर्वात नळीवर चालणारे) प्रीॲम्प १० किलोओहमच्या पॉवर ॲम्पला जोडले की खर्ज उणा पडतो. तबकड्या ऐकणाऱ्यांनी कार्ट्रिजही (सुईची कंपने सिग्नलमध्ये बदलणारा भाग) पाहावे; त्याचे मुख्य प्रकार दोन. मूव्हिंग मॅग्नेट सुमारे ५ मिलिव्होल्ट देते, तर मूव्हिंग कॉइल बहुधा अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी. दुसऱ्या प्रकारासाठी गेन अपुरा असेल, तर संपूर्ण प्रीॲम्प न बदलता वेगळा फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारे छोटे यंत्र) पुरतो.

एवढ्यावरही नव्याची ओढ राहिली, तर तो प्रीॲम्प काही दिवस घरी आणून तुलना करावी; मात्र दोन्हींच्या आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय तिला अर्थ नाही. अर्धा-एक डेसिबेल जास्त असलेले यंत्र कानाला अधिक जोरकस वाटण्याऐवजी अधिक चांगले वाटते. म्हणून काही शे हर्ट्झचा स्थिर सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही प्रीॲम्पमधला फरक २ टक्क्यांच्या आत आणावा. मग घरातल्या कुणाला तरी तुमच्या नकळत, नाणे उडवून, १२ वेळा यंत्र निवडायला सांगावे आणि दर वेळी तुम्ही कोणते ते ओळखावे. १० किंवा अधिक वेळा ओळखलेत, तर फरक खराच आहे असे धरायला हरकत नाही, आणि मग जे अधिक आवडते ते खुशाल घ्यावे. नाही ओळखता आले, पण रिमोट नाही किंवा इनपुट कमी पडतात अशी रोजची अडचण असेल, तर तेवढ्यासाठीही प्रीॲम्प बदलणे मला पूर्णपणे रास्त वाटते. फक्त तो त्या सोयीसाठी घेत आहोत हे मनाशी स्पष्ट असावे.